सीझरच्या रोममधले घड्याळ आणि आमचा विजापूरचा सरदार



शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकले बसविण्याचे काम एकदा ज्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, ते सहसा सुटत नाही. मी इतिहास आणि इंग्रजी हे दोन विषय शिकवितो. त्यामुळे "ऐतिहासिक नाटक म्हणजे तुमचेच खाते" असे म्हणून हे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. पहिल्याच वर्षी मी आपल्या नंदुरबारवरच एक प्रवेश लिहिला. नंद गवळी राजाने हे नगर वसविले अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यावर चार-पाच पानांचा मजकूर तयार केला, आठवीची मुले निवडली आणि तालमी सुरू केल्या.

प्रयोगाच्या रात्री पडदा उघडला. भालदार ललकारी देण्यासाठी पुढे आला, त्याने हात उंचावला आणि मनगटावरचे घड्याळ दिव्याच्या उजेडात लखकन चमकले. प्रेक्षागृह हसून कोसळले. बिचारा पोरगा हात पाठीमागे लपवून उरलेला प्रवेश कसाबसा पार पाडून गेला. मी विंगेत उभा राहून स्वतःला दोष देत होतो.

परंतु त्याच प्रवेशात नंद राजा दूरच्या व्यापाऱ्याला अभिमानाने सांगतो की, आमच्या नगरीची लाल मिरची देशोदेशी जाते. या वाक्याला प्रचंड टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी मी घड्याळाचे दुःख विसरलो. पुढच्या महिन्यात नववीच्या वर्गात कोलंबस आणि वास्को द गामा यांचा पाठ चालू होता. अमेरिकेतून जुन्या जगात आलेल्या पिकांची नावे मी फळ्यावर लिहीत होतो : मका, बटाटा, तंबाखू, भुईमूग, मिरची. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग आपल्या नंद राजाने मिरची कुठून विकली?"

मी निरुत्तर झालो. गवळी राजाचा काळ कोणताही धरा, मिरचीला तिथे जागा नाही. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली. त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला उतरली. त्यापूर्वीच्या स्वयंपाकात तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे तपशीलवार वर्णन आहे. मिरी, हिंग, आले सर्व आहे, मिरची नाही. आणि आपण ज्याला मिरची म्हणतो ते नावच मुळी मिरीवरून पडले. नवा पाहुणा आला आणि जुन्या यजमानाचे नाव घेऊन घरात बसला. आज हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर वाळणाऱ्या मिरचीने जमीन लाल दिसते, ठसक्याने वाटसरूच्या डोळ्यांना पाणी येते. त्यामुळे ती येथे अनादि काळापासून असावी असे आपल्याला वाटते एवढेच.

घड्याळाला लोक हसले आणि मिरचीला त्यांनी टाळ्या दिल्या. दोन्ही चुका एकाच जातीच्या. एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात नेऊन ठेवणे याला कालविपर्यास म्हणतात. मग एकीला हसू आणि दुसरीला टाळी का? या प्रश्नाने मला बी. ए.च्या वर्गात वाचलेल्या शेक्सपिअरकडे परत नेले.

'ज्यूलियस सीझर' हे नाटक लंडनमध्ये १५९९ साली रंगभूमीवर आले. थॉमस प्लॅटर नावाच्या एका स्विस प्रवाशाने त्याच वर्षी २१ सप्टेंबरला टेम्स नदीपलीकडच्या गवताने शाकारलेल्या नाट्यगृहात सीझरवरचे नाटक पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. त्या नाटकात ब्रूटसच्या घरी रात्री कट शिजत असताना घड्याळाचे टोले पडतात. तीन वाजले, आता निघावे, असे कटवाले म्हणतात. सीझरचा खून झाला इसवी सनापूर्वी ४४ साली. रोमन लोकांकडे छायायंत्र होते, पाण्याचे घटिकायंत्र होते. पण टोले देणारे यांत्रिक घड्याळ युरोपात आले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे हे घड्याळ तेराशेहून अधिक वर्षे आधीच वाजले! आमच्या भालदाराला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याच्या पंगतीला केवढा मोठा माणूस बसलेला आहे.

घड्याळ हा केवळ एक नमुना झाला. त्याच नाटकात ब्रूटस पुस्तकाचे दुमडून ठेवलेले पान शोधतो. वास्तविक त्या काळी रोमन माणूस गुंडाळी उलगडून वाचत असे, तिला दुमडण्यासारखे पान नव्हते. सीझर इंग्रजी धाटणीची बंडी उघडून जमावाला गळा दाखवितो. 'अँटनी अँड क्लिओपात्रा' या नाटकात इजिप्तची राणी कंटाळा घालविण्यासाठी बिलियर्ड्स खेळावयास बोलाविते. 'टायटस अँड्रोनिकस' मध्ये एक गॉथ सैनिक वाट सोडून मोडकळीस आलेला ख्रिस्ती मठ पाहावयास जातो. हा मठ रोमचा नव्हे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडातील मठ बंद केले. त्यांचे पडके अवशेष प्रेक्षकांनी आपापल्या गावी पाहिलेले होते.

आणि माझी सर्वांत आवडती चूक 'कोरिओलेनस' मधील. हे कथानक इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. त्यात मेनेनियस हा म्हातारा सरदार गेलन या वैद्याच्या औषधांचा उल्लेख करतो. गेलनचा जन्म इसवी सन १२९ चा. सहाशे वर्षांनंतर जन्माला येणाऱ्या वैद्याचे औषध! आपल्यापैकी ज्यांच्या घरी युनानी हकिमाचे जाणे-येणे होते त्यांनी या गेलनचे नाव वेगळ्या रूपात ऐकले असेल. हकीम मंडळी ज्याला जालीनूस म्हणतात तोच हा. बगदादच्या विद्वानांनी त्याचे ग्रंथ अरबीत उतरविले, तेथून ते लॅटिनमध्ये गेले आणि शेक्सपिअरच्या लंडनमध्ये वैद्यक म्हटले की गेलन असे समीकरण झाले. लेखकाने प्राचीन वैद्य हवा म्हणून हाताशी असलेले सर्वांत वजनदार नाव उचलले. आमच्या मिरचीसारखेच.

त्या काळी या चुका कोणाच्या ध्यानातच येत नव्हत्या असे मात्र समजू नका. शेक्सपिअरचा मित्र आणि प्रतिस्पर्धी बेन जॉन्सन हा मोठा काटेकोर गृहस्थ. त्याने १६०३ साली 'सेजानस' हे रोमन नाटक लिहिले. त्यात स्वतः शेक्सपिअरने काम केले होते. १६०५ साली ते छापताना जॉन्सनने समासात टॅसिटस आदी इतिहासकारांचे आधार ओळीओळीने दिले. प्रेक्षकांनी मात्र ते नाटक ओरडून पाडले! शिवाय या नाटकावरून जॉन्सनला राजाच्या मंत्रिमंडळापुढे जाब द्यावा लागला, कारण रोमच्या जुलमी बादशहाची गोष्ट ऐकताना लोकांना लंडनचा दरबार दिसू लागला होता. ज्याने वर्तमानकाळाची एकही वस्तू रोममध्ये शिरू दिली नाही, त्याच्यावरच वर्तमानकाळाविषयी लिहिल्याचा आळ यावा, हा मोठा विनोद होय.

दुसराही एक विनोद येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. शेक्सपिअरचे कटवाले कानांपर्यंत टोप्या ओढून येतात. अठराव्या शतकात अलेक्झांडर पोप या कवीने १७२५ साली शेक्सपिअरची नाटके संपादित केली. रोमन माणसाच्या डोक्यावर हॅट? त्याला ते इतके असह्य झाले की तो शब्दच छापावयाचा त्याने टाळला. पण ब्रूटसने सीझरच्या खुनानंतर जे नाणे पाडले, त्यावर दोन खंजीर आहेत आणि त्यांच्यामध्ये आहे एक टोपी! गुलामीतून मुक्त झालेल्याने घालावयाची ती रोमन टोपी, स्वातंत्र्याची खूण म्हणून. तेव्हा चूक काढणाराही इतिहास पुरता जाणत असतो असे नाही. हे वाक्य मी स्वतःच्या तांबड्या शाईच्या पेनाला उद्देशून लिहीत आहे.

आपल्या मराठी रंगभूमीचीही हीच रीत आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकापासून आपल्याकडे ऐतिहासिक नाटकाची परंपरा सुरू झाली. काशिनाथ गोविंद नातू यांनी १८७२ साली 'ज्यूलियस सीझर' चे 'विजयसिंह' केले, म्हणजे रोमला सरळ देशी पागोटेच बांधले. राजा रविवर्म्याच्या चित्रांतून पुराणातल्या नायिका नऊवारी लुगडे नेसून घरोघरी भिंतीवर आल्या आणि पुढे आपल्याला त्यांचे दुसरे रूप डोळ्यांपुढे आणणेही कठीण झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी तर १९०७ साली 'कीचकवध' लिहून कालविपर्यासाचे शस्त्र केले. कथा महाभारताची, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांतील पोराटोरांनाही कळत होते. सरकारलाही कळले; १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अशा जाणूनबुजून केलेल्या विपर्यासाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती माझ्याच विरुद्ध, आणि येथूनच खरा विषय सुरू होतो.

दुसऱ्या वर्षी मी शिवकालातील एका काल्पनिक प्रसंगावर नाटुकले लिहिले. एका गडावर वाटाघाटीसाठी विजापूरचा एक सरदार येतो. या खेपेस मी फार दक्षता घेतली. घड्याळे उतरवून माझ्या खिशात ठेवली, मावळ्यांच्या शिदोरीतून बटाटा काढून टाकला, चहा तर नव्हताच. सरदाराची भूमिका आमच्याच मोहल्ल्यातील एका हुशार मुलाला दिली. त्याच्या तोंडी मी जी भाषा घातली ती आपण सर्वांनी नाटका-सिनेमांतून ऐकलेली आहे : "हम तुमकू छोडेगा नहीं", "हमारा मराठी तुमकू समजता क्या" वगैरे. मुलाने दोन तालमी निमूटपणे केल्या. तिसऱ्या दिवशी तो मला एकटे गाठून म्हणाला, "सर, असं कोण बोलतं? माझे दादा बाजारात अहिराणी बोलतात, घरी उर्दू बोलतात. असं तर कोणीच बोलत नाही."

वाचकहो, मी स्वतः त्याच मोहल्ल्यातला. माझ्याही घरी असे कोणी बोलत नाही. तरीसुद्धा लेखणी हाती घेतल्यावर सरदाराच्या तोंडी तीच भाषा आपोआप आली, कारण रंगमंचावरचा खान तसाच बोलतो अशी माझ्याही कानाला सवय झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. वहीत लिहिलेला प्रत्येक शब्द मी इतिहासाच्या पुस्तकांशी ताडून पाहावयास बसलो.

विजापूरचा सरदार कोणती भाषा बोलत असेल? दरबारी पत्रव्यवहार फारसीत, रोजचे बोलणे दख्खनीत. आणि ही दख्खनी मराठीच्या मांडीला मांडी लावून वाढलेली भाषा. तिच्यात नकार देताना आजही 'नको' म्हणतात, आणि हा शब्द मराठीचा, हे सांगावयास नको! पहिला इब्राहीम आदिलशहा १५३४ साली गादीवर आला. त्याने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत पाडली आणि त्या कामी ब्राह्मण कारकुनांची नेमणूक केली असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. आदिलशाही कागदांवर फारसीबरोबर मराठी मजकूरही सापडतो. दुसऱ्या इब्राहीमने गीतांचा 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ रचला, त्यात सरस्वतीला वंदन आहे. शहाजीराजे, मुधोळचे घोरपडे, जावळीचे मोरे हे या ना त्या वेळी याच दरबाराचे मानकरी. अशा दरबारातून आलेला, मराठी मुलखात वर्षानुवर्षे ठाणी सांभाळलेला माणूस मराठी ऐकून भांबावेल आणि मुंबईच्या बाजारातली तोडकीमोडकी हिंदी बोलेल, ही कल्पना मनगटी घड्याळाहून अधिक हास्यास्पद आहे. फरक इतकाच की ती बाजारी भाषा तीनशे वर्षे मागे नेली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि गंमत पाहा, शेक्सपिअरनेही नेमकी हीच चूक करून ठेवली आहे. सिसेरो ग्रीक भाषेत काय बोलला ते आपल्याला मुळीच समजले नाही, असे त्याचा कास्का सांगतो आणि प्रेक्षक हसतात. हा कास्का म्हणजे एक अडाणी, रांगडा गडी असा समज होतो. परंतु शेक्सपिअरने ज्या प्लुटार्कच्या चरित्रग्रंथाचे इंग्रजी भाषांतर (१५७९) समोर ठेवून नाटक लिहिले, त्या प्लुटार्कने वेगळेच लिहिले आहे. कास्काने सीझरवर पहिला वार केला, सीझरने त्याचा हात धरला, तेव्हा कास्काने आपल्या भावाला मदतीसाठी हाक मारली, ती ग्रीक भाषेत! जीव घोटाळ्यात पडला असता माणूस शिकलेली नव्हे, अंगवळणी पडलेली भाषा बोलतो. इतिहासातल्या कास्काला ग्रीक येत होते. नाटकातल्या कास्काचे ग्रीक एका हशासाठी काढून घेतले गेले. माझ्या सरदाराचे मराठी मी असेच काढून घेतले होते.

दुसऱ्या बाजूची भाषा तपासली तेव्हा तिथेही तेच. माझे मावळे शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी बोलत होते. सतराव्या शतकातील कागद उघडले तर सरनोबत, फडणीस, चिटणीस, दफ्तर, तर्फ, हुजूर, किल्ला, शिलेदार या शब्दांवाचून कारभाराचे पान हलत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखविले आहेत : १६२८ च्या पत्रात फारसी शब्दांचा भरणा, शंभर वर्षांनंतरच्या पत्रात ते अगदीच थोडे. या बदलासाठी स्वतः शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पण कोश करवून घ्यावा लागला याचाच अर्थ त्यापूर्वी दुसरे शब्द सर्वांच्या तोंडी होते. महाराजांच्या पदरी पायदळाचा सरनोबत नूरबेग होता, आरमारावर दौलतखान होता, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. हे सर्व एकाच सदरेवर बसून एकमेकांशी बोलत असणार, आणि दुभाष्यावाचून बोलत असणार.

सर्वांत जड गेला तो एक शब्द. माझ्या नाटकात दोन्ही बाजू एकमेकांना 'देशद्रोही' म्हणत होत्या. त्या काळच्या पत्रांत फितवा आहे, बेइमानी आहे, निमकहरामी आहे. माणूस धन्याच्या मिठाला, दिलेल्या शब्दाला आणि वतनाला बांधलेला आहे. आज आपण ज्या अर्थाने देश म्हणतो तो अर्थ त्या सदरेवर अजून आलेलाच नव्हता. अकबराच्या काळचा 'आईन-ए-अकबरी' उघडा : आपले नंदुरबार त्यात सरकार म्हणून नोंदलेले आहे, पण कोणत्या सुभ्यात? माळव्याच्या! वस्तूंचा विपर्यास झाला तर फार तर हसे होते. कल्पनांचा झाला तर प्रेक्षागृहातून घरी जाताना पोरे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहतात. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या तालमींच्या दिवसांत मधल्या सुट्टीत त्या मुलाला वर्गमित्र त्याच्याच संवादातली हिंदी बोलून चिडवीत होते, हे मला मागाहून कळले.

मी संवाद नव्याने लिहिले. सरदार दख्खनीत बोलतो, मध्येच मराठीत येतो, रागावला की फारसी म्हण टाकतो. गडकऱ्याच्या बोलण्यात हुजूर आणि दफ्तर आले. 'देशद्रोही' गेला, 'निमकहराम' आला. शाळेच्या कारभाराशी संबंधित एका सद्गृहस्थांना हा बदल पसंत पडला नाही. "अहो सर, मग लोक हसणार कुठे?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. प्रयोगात त्या प्रवेशाला कोणी हसले नाही. टाळ्याही मागच्या वर्षीच्या मिरचीएवढ्या पडल्या नाहीत. मात्र गडकरी आणि सरदार अटींवर भांडू लागले तेव्हा इतकी शांतता होती की मागच्या रांगेतले तान्हे मूल रडले ते मला विंगेत ऐकू आले.

एक गोष्ट तरीही राहूनच गेली होती. शेवटी गडकरी पत्र वाचून दाखवितो, त्यावर मी सवयीने इंग्रजी तारीख घातली होती. रंगीत तालमीच्या दिवशी ती लक्षात आली. त्या काळच्या मराठी पत्रांत सुहूर सन असे आणि आकडे अरबी शब्दांत लिहीत; महिना मोहरम, सफर, रबिलावल असा, आणि चंद्राची तिथी दाखविण्यासाठी अलीकडे 'छ' हे अक्षर. मी घाईघाईने कागदावर तशी तारीख लिहून दिली. गडकऱ्याचे काम करणारा मुलगा पाटील-गल्लीतला. 'सबैन' आणि 'अलफ' पाहून तो घाबरला. सरदाराने कागद हातात घेतला आणि म्हणाला, "अरे, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. मदरशात पाठ केलंय." मग दोघे पायरीवर बसून तारीख घोकू लागले. प्रयोगात गडकऱ्याने ती अचूक वाचली. फक्त 'छ' चा उच्चार कसा करावयाचा हे मी सांगावयास विसरलो होतो, त्यामुळे तो "छे!" असा ठणकावून म्हणाला, आणि त्या रात्रीचा एकमेव हशा तिथे झाला.